छातीतला जुना डाग

"जुना आहे," डॉक्टर म्हणाले. एक्स-रेची फिल्म त्यांनी भिंतीवरच्या दिव्याला लावली होती आणि पेनच्या मागच्या टोकानं उजवीकडचा, दोन बरगड्यांच्या मधला एक पांढरा ठिपका दाखवत होते. ज्वारीच्या दाण्याएवढा असेल. "लहानपणी कधीतरी होऊन गेलंय. त्यावर चुना धरलाय. घरात कुणाला टीबी झाला होता का?" मी खरं तर बोटांसाठी गेले होते. चार वर्षं झाली, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, पोळी लाटायला घेतली की मनगटातून कळ जाते. गोळ्यांनी भागेना म्हणून आता इंजेक्शन सुरू करायचं ठरलं होतं, आणि त्याआधी छातीचा फोटो काढायचा असतो म्हणून काढला होता. प्रश्न साधा होता, उत्तर मला माहीत होतं. तरी तोंडातून आलं ते, "नाही, आमच्याकडे कुणाला नव्हता." डॉक्टरांनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं. मी पर्स उचलली, बिल भरलं, रिक्षात बसले. रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा लक्षात आलं की तळहात घामानं ओले झालेत. वयाच्या ५९व्या वर्षी, ज्याला आमच्या घराशी काही देणंघेणं नाही अशा माणसासमोर, मी आत्याबद्दल खोटं बोलले होते.

आत्या आली तेव्हा मी सात वर्षांची होते. एसटीच्या टपावरून तिची हिरवी ट्रंक खाली उतरवलेली आठवते आणि ती माहेरपणाला आलीय असं सगळ्यांना सांगितलेलं आठवतं. माहेरपण संपलंच नाही. तिचं अंथरूण पडवीत घातलं गेलं. शेजारीपाजारी विचारत तेव्हा आजी "दमा आहे" म्हणायची, आणि आम्हां मुलांनाही तेच म्हणायला शिकवलेलं होतं. मिरजेच्या बाजूला वानलेसवाडीला क्षयाचा मोठा दवाखाना होता, तिथं बाबा तिला महिन्या-दोन महिन्यांनी घेऊन जायचे, पण तेही "मिरजेला काम आहे" या नावाखाली. गावातला कंपाउंडर स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन द्यायला मागच्या दारानं यायचा. स्टोव्हवर उकळणाऱ्या सुया, काचेच्या नळकांडीचा आवाज, स्पिरिटचा वास. काही महिन्यांनी आत्याच्या कानांत सतत गुणगुण व्हायला लागली. तिला वाटायचं बाहेर कुठं पिठाची गिरणी चालू आहे. पुढं आयुष्यभर तिच्याशी डाव्या बाजूनं बोलावं लागायचं.

तिचा पेला वेगळा होता. आईनं त्याच्या बुडाला खिळ्यानं तीन टिंबं ठोकली होती, म्हणजे चुकून दुसऱ्या भांड्यांत मिसळला तर बोटाला कळावं. ताट, वाटी, तांब्या, सगळ्यांना तीन टिंबं. ती भांडी शेवटी, चुलीतल्या राखेनं आणि कढत पाण्यानं घासली जायची आणि पडवीतल्याच फळीवर पालथी पडायची. पडवीच्या दारात एक अदृश्य रेघ होती. कुणी ती आखलेली नव्हती, पण मांजरसुद्धा ती ओलांडत नाही असं मला तेव्हा वाटायचं. दुपारी आई माजघरात आडवी झाली, तिचा श्वास संथ झाला, की मी उठायचे. चवड्यावर चालत पडवीत जायचे आणि आत्याच्या गोधडीत शिरायचे. त्या गोधडीला निलगिरीचा, तापलेल्या अंगाचा आणि एका कडवट पुडीचा वास होता. आम्ही आवाज न करता सागरगोटे खेळायचो. तिला खोकला आला की ती पटकन तोंड भिंतीकडे फिरवायची, पदराचा बोळा तोंडाशी धरायची, आणि खोकून झालं तरी बराच वेळ भिंतीकडेच बघत राहायची. तिची पाठ हलताना मला दिसायची. मग वळून हसायची, "तुझी पाळी."

पुढं मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले. ३३ वर्षं मराठी माध्यमाच्या मुलांना पेशी शिकवली. फळ्यावर पांढऱ्या पेशीचं चित्र काढायला मला फार आवडायचं. वेडीवाकडी, जिला नक्की आकारच नाही अशी पेशी, तिचे लांबवलेले हात, हातांच्या कवेत सापडलेला जंतू. मग तो जंतू एका पिशवीत बंद होतो, पेशीच्या पोटात जातो, तिथं लयकारिका, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या थैल्या, त्या पिशवीला येऊन चिकटतात, आपला आम्लाचा आणि पाचकरसांचा साठा तिच्यात ओततात, आणि जंतू विरघळतो. लाल खडूनं जंतू, पिवळ्या खडूनं लयकारिका. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा या चित्राला मान वर करायची. "मॅडम, आणि विरघळलाच नाही तर?" असं एकदा एका मुलीनं विचारलं होतं. मी म्हणाले, "ते पुढच्या वर्गात शिकाल." पुढच्या कुठल्याच वर्गात तो भाग नव्हता. मला उत्तर थोडंफार ठाऊक होतं आणि तरी मी ते दिलं नाही, याची खंत त्या एक्स-रेनंतर पुन्हा वर आली.

१८८२ सालच्या मार्चमध्ये, २४ तारखेला, रॉबर्ट कॉखनं बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवला. त्याच वर्षाच्या अखेरीस सिसिली बेटावरच्या मेसिना गावात इल्या मेचनिकॉफ नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ घरी एकटाच सूक्ष्मदर्शकापाशी बसला होता. घरची मंडळी सर्कशीला गेली होती. तारामाशाची काचेसारखी पारदर्शक पिल्लं त्याच्यासमोर होती. त्याला वाटलं, यांच्या अंगात काटा टोचला तर आतल्या फिरत्या पेशी काय करतील? बागेतून काटे आणून त्यानं टोचले आणि रात्रभर त्याला झोप लागली नाही. सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशींनी गराडा घातलेला. जंतू गिळणाऱ्या या भक्षक पेशींची सगळी कथा तिथून सुरू होते. या माणसाची पहिली बायको नऊ वर्षं आधी क्षयानं गेली होती. लग्नाच्या दिवशीच ती इतकी अशक्त होती की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये नेलं होतं. ज्या पेशींना त्यानं शरीराचे राखणदार म्हणून ओळखलं, त्याच पेशींच्या पोटात क्षयाचा जंतू राहतो. त्याचं घर तेच आहे.

हे घर नेमकं कसं मिळतं, याचा पहिला स्वच्छ पुरावा मिळायला १९७१ साल उजाडलं. लंडनमध्ये आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट या दोघांनी भक्षक पेशींच्या लयकारिकांत आधी एक लोहयुक्त खुणेचा पदार्थ भरून ठेवला, मग त्यांना क्षयाचे जंतू खाऊ घातले, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. मेलेला जंतू असलेल्या पिशवीत खूण उतरलेली दिसली. जिवंत जंतूच्या पिशवीत नाही. लयकारिका जवळ येऊन थांबत होत्या, दाराशी, आणि दार उघडत नव्हतं. चार वर्षांनी त्यांनी जंतूंना प्रतिपिंडांचं आवरण देऊन पुन्हा पाहिलं. या वेळी लयकारिका मिसळल्या, आम्ल ओतलं गेलं, आणि तरीही जंतू जगले. हे डार्सी हार्ट १०६ वर्षं जगले. त्यांच्या प्रयोगानंतरच्या पन्नास वर्षांत त्या न उघडणाऱ्या दाराचे बरेच बारकावे कळलेत. जंतूच्या मेणचट भिंतीतला एक पदार्थ पिशवीच्या वाढीचे निरोपच अडवतो. पिशवी कोवळी राहते, तिच्यातलं आम्ल चढत नाही. बाहेरून पेशीला वाटतं आपण गिळलं, काम झालं. आत तो जंतू दिवसातून जेमतेम एकदा दोनाचा होतो. आपल्या आतड्यातले साधे जंतू भरपूर खाद्य मिळालं की वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. याला घाई नाही.

पेशीतून पेशीत जायचे मार्ग प्रत्येक जंतूचे वेगळे. शिळ्या अन्नातून येणारा लिस्टेरिया तर एका पेशीच्या आतूनच शेजारच्या पेशीत घुसतो. पेशीचं स्वतःचं अ‍ॅक्टिन नावाचं प्रथिन तो आपल्या पाठीमागे गोळा करतो, धूमकेतूसारखी शेपटी तयार होते, तिच्या रेट्यानं तो पुढं सरकतो आणि शेजारणीच्या भिंतीत बोटासारखा खुपसला जातो. शेजारीण ते बोट गिळते. रक्तातल्या कुणाला पत्ता लागत नाही, कारण तो बाहेर आलेलाच नसतो. लॅपटॉपवर मी एकदा ते चलच्चित्र वर्गाला दाखवलं होतं. मुलांनी "परत, परत" म्हणून चार वेळा लावायला लावलं.

क्षयाच्या जंतूचा मार्ग याहून साधा आहे, आणि तो वाचताना माझ्या पोटात कालवतं.

तो दिसला तोही पारदर्शक प्राण्यातच. आपल्याकडच्या ओढ्या-डबक्यांत सापडणारा बोटाच्या पेराएवढा झेब्राफिश. त्याच्या पिल्लाच्या अंगातून पलीकडचं दिसतं. बडोद्याला डॉक्टर झालेल्या आणि तेव्हा अमेरिकेत काम करणाऱ्या ललिता रामकृष्णन यांनी या पिल्लांना माशांच्या क्षयाचा जंतू टोचला आणि त्यांच्या गटानं जिवंत पिल्लांत एकेक पेशी डोळ्यांनी पाहिली. जंतूंनी भरलेली भक्षक पेशी मरते. मरताना तिच्याकडून हाक जाते, आणि जंतूही ती हाक वाढवतो. आसपासच्या ताज्या भक्षक पेशी धावत येतात आणि मेलेलीला गिळू लागतात, कारण मेलेल्याची व्यवस्था लावणं हे त्यांचं रोजचं काम. तिला गिळताना तिच्यातले जंतूही त्यांच्या पोटात जातात. एकीच्या जागी कित्येक, आणि अशा पेशींची गाठ बनते. जंतूला पेशीच्या भिंती फोडत हिंडावं लागत नाही. त्याला आत घेणाऱ्या पेशी आपलं कर्तव्य करत असतात. त्यांतल्या काही तिथून निघून दूर जातात आणि तिथं नवी गाठ धरते. २००९ साली हे छापून आलं. तोपर्यंत डॉक्टरांच्या पिढ्यान् पिढ्या त्या गाठीला शरीरानं घातलेला वेढा समजत होत्या. वेढा तो आहेच, पण सुरुवातीच्या दिवसांत तीच गाठ जंतूला नवी घरं पुरवते. मी हे वाचलं त्या रात्री मला पडवी दिसत राहिली. पदराचा बोळा, भिंतीकडे फिरवलेलं तोंड, आणि आजी. आजी रोज रात्री तिच्या उशाशी बसायची, पाठीला तेल चोळायची, थुंकीचं भांडं स्वतः न्यायची. दोन वर्षांनी आजीलाही खोकला लागला. तिलाही "दमा" होता.

नंतर ती गाठ घट्ट होते. भक्षक पेशी एकमेकींत दात घातल्यासारख्या गुंततात, बाहेरून लिम्फ पेशींचं, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं, कडं बसतं, आतला भाग फाटलेल्या दुधासारखा होतो. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इथंच थांबते. गाठ सुकते, तिच्यावर चुना चढतो, फिल्मवर ज्वारीचा दाणा दिसतो. आतला जंतू मेलेला असू शकतो, किंवा नसू शकतो. जगातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या माणसांना या जंतूनं कधी ना कधी गाठलेलं आहे, आणि त्यांतल्या दहामधल्या नऊ जणांना आयुष्यभर त्याचा काही त्रास होत नाही. उरलेल्यांत कधीतरी, दुसरं दुखणं, वय, उपासमार, यांत वेढा सैल पडतो. आतला भाग पातळ होतो, श्वासनळीच्या फांदीत फुटतो, आणि माणूस खोकतो. जंतूला पुढच्या माणसात न्यायला तेवढं पुरतं. हवेत तरंगणारा एक-दोन जंतूंचा थेंब, इतका बारीक की नाकाघशात अडकत नाही, थेट वायुकोशात उतरतो, आणि तिथं भक्षक पेशी त्याची वाटच पाहत असते.

माझ्या इंजेक्शनाचा याच्याशी संबंध होता. सांधे सुजवणारा टीएनएफ नावाचा पदार्थ ते इंजेक्शन अडवतं. हाच पदार्थ तो वेढा घट्ट धरून ठेवतो. हे औषध नवीन होतं तेव्हा, २००१ मध्ये, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ७० रुग्णांची नोंद छापली होती. सांधे मोकळे झाले आणि काही महिन्यांतच झाकलेला क्षय वर आला. तेव्हापासून आधी फोटो, आधी रक्त. माझी रक्ततपासणीही "लागण आहे" म्हणूनच आली. म्हणजे सहा महिने आयसोनायझिड हे क्षयाचं औषध, रोज सकाळी अनशापोटी, सोबत ब-६ जीवनसत्त्वाची गोळी, आणि महिनाभरानंतर इंजेक्शन. पहिली गोळी हातावर घेतली तेव्हा तिच्या पांढऱ्या रंगाकडे बघत राहिले. हेच औषध आत्याच्याही पुड्यांत होतं. औषध १९५२ पासून तेच आहे.

त्या पेल्यांची गोष्ट मला नंतर फार छळू लागली. क्षय भांड्यांतून पसरत नाही. राख, कढत पाणी, तीन टिंबं, या सगळ्यानं एकाही जंतूची वाट अडली नव्हती. त्याहून वाईट म्हणजे वेळ. मद्रासला १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात एक मोठा प्रयोग झाला होता. क्षयाच्या रुग्णांचे दोन गट केले. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच ठेवून औषधं दिली. घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरातल्या माणसांना क्षय होण्याचं प्रमाणही जास्त निघालं नाही. लागण व्हायची ती निदानाच्या आधीच्या महिन्यांत होऊन गेलेली असते. औषध सुरू झालं की माणूस लवकरच पसरवेनासा होतो. १९५९ साली हे जगभर छापून आलं. आमच्या पडवीतली रेघ त्यानंतर चौदा वर्षांनी आखली गेली, आणि आत्या पूर्ण बरी झाल्यावरही पुसली गेली नाही. दीड वर्षाच्या औषधानं ती बरी झाली. सासरी तिला परत कुणी नेलं नाही. ती पुढं तीस वर्षं आमच्या घरात राहिली, पापड लाटले, माझी बाळंतपणं केली, पण माझ्या मुलींचा एकही मुका तिनं घेतला नाही. लहानगी तिच्या गळ्यात पडली की ती मान वर उचलून छताकडे बघायची. आईनं तिला कितीदा तरी चांगल्या पेल्यात चहा दिला. ती तो आपल्या पेल्यात ओतून घ्यायची.

माझ्या डाव्या दंडावर बीसीजीचा, क्षयाच्या लसीचा, वण आहे, तुमच्याही असेल. काल्मेत आणि गेरँ या दोघांनी फ्रान्समध्ये १९०८ पासून १३ वर्षं गाईच्या क्षयाचा जंतू बटाट्याच्या कापावर, पित्त घालून, पुन्हा पुन्हा वाढवला. २३० वेळा. इतक्या फेऱ्यांत त्या जंतूनं आपल्या गुणसूत्राचा एक तुकडा गमावला. तुकड्यात काय होतं हे पुष्कळ पुढं कळलं: पेशीतली पिशवी फोडायचं, आणि भक्षक पेशींना गोळा करत पसरायचं हत्यार. ते गेल्यावर जंतू पेशीत शिरतो, पण पेशीतून पेशीत जायची त्याची ताकद संपते. शाळेत लस टोचायला लोक आले तेव्हा आत्या पडवीच्या दारापर्यंत आली होती. टोचून परतलेला माझा दंड तिनं लांबूनच नीट पाहिला होता, कुठं टोचलं ते बोटानं दाखवायला लावलं होतं. तिला तेव्हा काय वाटलं असेल हे मी आज नीट समजू शकते.

दुसऱ्या महिन्याच्या तपासणीला मी डॉक्टरांना सांगितलं. "त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, घरात कुणाला होता का. होता. आत्याला, आणि बहुतेक आजीला." इतकी वर्षं दमा म्हणायची सवय असलेल्या जिभेला ते वाक्य जड गेलं. डॉक्टर म्हणाले, "असू दे, औषध तेच आहे." मग जरा थांबून, "पण त्यांच्याकडूनच आला असं धरू नका. शाळेतून, एसटीतून, कुठूनही आला असेल. आता कळायचा मार्ग नाही." हे ते मला बरं वाटावं म्हणून बोलत होते. मला मात्र ऐकून रितं वाटलं. तो डाग कुठल्यातरी अनोळखी प्रवाशाच्या खोकल्याचा असावा हे मला नको होतं. हे बरोबर नाही, मला कळतं. ज्या आजारानं तिचं सगळं हिरावलं त्याचा कण जवळ असावा असं कुणी म्हणू नये. तरीही.

शेवटचं पाकीट संपलं त्या आठवड्यात गावाला गेले. आई आता ८४ वर्षांची आहे. दुपारी ती लसूण सोलत बसली होती, मी तिच्यासमोर बसून पाकळ्या वेगळ्या करत होते. बोटं आता पुष्कळ मोकळी झालीत. बोलता बोलता तिला सगळं सांगितलं, डाग, गोळ्या, डॉक्टर काय म्हणाले ते. ती ऐकत राहिली. सालं फुंकून बाजूला केली.

"तू वन्संच्या गोधडीत जाऊन पडायचीस," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"मी झोपायचे कुठं. डोळे मिटून पडायचे. तू उठलीस की पैंजण हातानं धरून चालायचीस."

"मग अडवलं का नाहीस?"

आईनं हातातली पाकळी वाटीत टाकली, दुसरी घेतली. तिचं नख लसणात रुतलं.

"दिवसभरात तेवढाच वन्संच्या हसण्याचा आवाज यायचा," ती म्हणाली.